रिंगखालची जागा

मी मैदानावर पोचलो तेव्हा अण्णाजी कोहाड शिडी धरून उभे होते आणि क्लबचा शिपाई वर चढून माझ्या बायकोचा फोटो बास्केटबॉलच्या खांबाला बांधत होता. फोटोला झेंडूचा हार घातला होता.

"खाली उतर," मी शिपायाला म्हटलं.

तो अण्णाजींकडे बघायला लागला. अण्णाजी क्लबचे सचिव. यवतमाळात चुनाभट्टी क्लब म्हणजे अण्णाजी आणि अण्णाजी म्हणजे चुनाभट्टी क्लब, असं वीस वर्षं चाललेलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनोहर, क्लबची इच्छा आहे. तिची आठवण राहावी."

मी हात झटकला. शिपाई उतरला तसा मी वर चढलो. जिनिंग फॅक्टरीत मी फिटर होतो, पक्कड खिशातच असायची. तारा तोडल्या आणि फोटो काखेत घेऊन खाली आलो. फोटो ओळखपत्रासाठी काढलेला, तोच मोठा केलेला. डोक्यावर पदर, चेहरा घाबरलेला. प्रमिलाला ह्या मैदानावर कोणी कधी पदर घेतलेलं पाहिलं नव्हतं. यवतमाळात हाफ पँट घालून खेळायला उतरलेली ती पहिली लग्न झालेली बाई. माझ्या आईनं त्यापायी चार महिने तिच्याशी अबोला धरला होता. आणि हे लोक तिला डोक्यावर पदर देऊन खांबाला टांगत होते.

"दुसरा फोटो नव्हता का?" मी विचारलं.

अण्णाजी म्हणाले की खेळतानाचे फोटो होते, पण ते बरे दिसले नसते. गेलेलं माणूस आहे.

प्रमिलाला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. ताप आला, दवाखान्यात ती स्वतःच्या पायांनी चालत गेली, आणि ताप डोक्यात गेला. चौथ्या दिवशी सगळं संपलं. छत्तीस वर्षांची होती. संघातली बेबी मेश्राम त्याच दवाखान्यात नर्स होती. शेवटच्या वेळी तीच जवळ होती, मला बाहेर बसवलं होतं. त्याचाही मला राग होता. त्या दिवसांत मला कशाचा राग नव्हता हे सांगणं सोपं जाईल. घरी लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, मन घट्ट करा. मी दार लावून घ्यायला लागलो.

अण्णाजींना खरं तर फोटोबद्दल बोलायचंच नव्हतं. राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. ती वर्ध्याला होती. आमचा महिला संघ वरच्या गटात होता, आठ संघांच्या. चार-चार संघांच्या दोन तुकड्या पडतात, प्रत्येक तुकडीतला शेवटचा, असे दोन संघ खालच्या गटात जातात आणि तिथून वर यायला वर्षं लागतात. अण्णाजींचं म्हणणं असं की ह्या वर्षी नाव मागे घ्यायचं. नाव मागे घेतलं तर मान राहतो, हरून खाली गेलो तर हसं होतं. मग दोन-तीन वर्षं शाळेतल्या पोरी तयार करायच्या, नवा संघ बांधायचा. जुन्या बायका किती दिवस खेळणार? त्यांचा सत्कार करू, साडी देऊ. आणि पोरींच्या स्पर्धेला प्रमिलाचं नाव देऊ.

"प्रमिला भोयर स्मृती करंडक," ते म्हणाले. आधीच ठरवून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "संघ वर्ध्याला जाईल."

"कोणाच्या भरवशावर?"

"आहेत ना त्या."

त्यावर ते हसले नाहीत, पण हसल्यासारखं तोंड झालं. "मनोहर, तू कोच आहेस. मला काय सांगतोस? एक होती, आणि बाकीच्या तिला चेंडू द्यायला होत्या."

मी फोटो घेऊन घरी निघून आलो.

ते खोटं बोलत नव्हते. आमचा खेळ तसाच होता आणि तो मीच बसवलेला. प्रमिला रिंगच्या डाव्या अंगाला, रिंगकडे पाठ करून उभी राहायची. उंच होती, हात लांब. डावा हात वर केला की चेंडू तिच्याकडे गेलाच पाहिजे. मी बाकीच्यांना एकच शिकवलं होतं, बघत बसू नका, फेका, ती तिथं असणार. बघायला वेळ घेतला की समोरची मुलगी मध्ये येते. न बघता फेकलेला चेंडू कोणाच्या बापाला अडवता येत नव्हता. मी बाहेरून ओरडायचो, "पमा, वर!" आणि चेंडू हवेत असायचा. ह्या एका गोष्टीवर आम्ही नागपूरला हरवलं होतं, अमरावतीला हरवलं होतं. लोक म्हणायचे, ह्या बायकांना पाठीला डोळे आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी सराव सुरू केला. सात जणी आल्या. बेबी मेश्राम होती. कमल ढोक होती, तिचं घर मैदानाला लागून, सासू गच्चीतून तिच्यावर लक्ष ठेवायची. कॉलेजात शिकणारी ज्योत्स्ना होती, तिला मी प्रमिलाच्या जागी घेणार होतो, पण ती बुटकी होती, म्हणून तिला उजवीकडे ठेवलं. रिंगच्या डाव्या अंगाला कोणालाच उभं केलं नाही. सांगितलं, ती जागा आता नाही, तिकडे चेंडू टाकायचा नाही.

पहिलाच पास कमलनं तिकडे टाकला. न बघता, जोरात. चेंडू रेषेबाहेर गेला, मागच्या भिंतीवर आपटला आणि लोळत परत आला. भिंतीवर बसलेली पोरं हसली. थोड्या वेळानं बेबीनं तसाच टाकला. मग पुन्हा कमलनं. मग पोरं हसायची थांबली आणि एकेक करून भिंतीवरून उतरून निघून गेली.

"डोळे फुटले का तुमचे?" मी ओरडलो.

कमल रडायला लागली. मी तिला मैदानाला पाच चकरा मारायला लावल्या. ती रडत रडत पळाली. गच्चीतून तिची सासू बघत होती. बेबी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी होती.

"तुले काय झालं?" मी तिला म्हटलं.

"काही नाई," बेबी म्हणाली. "तुमचं होऊ द्या."

आठवडाभर हेच. चेंडू भिंतीवर, माझ्या शिव्या, पळायची शिक्षा. जीभ चावली जावी तशा त्या चेंडू टाकायच्या. हातातून सुटला की त्यांचं त्यांनाच कळायचं. मी रोज तेवढाच चिडायचो. घरी जाऊन जेवत नव्हतो, पण मैदानावर एक दिवस चुकवला नाही.

मग अण्णाजींनी बैठक बोलावली. क्लबच्या खोलीत सात-आठ पुरुष आणि मी. संघातल्या बायका बाहेर ओट्यावर बसलेल्या. त्यांना कोणी आत बोलावलं नव्हतं, कधीच बोलावत नसत. बोलणं लांबलं. एकानं सांगितलं की सराव त्यानं पाहिला आहे, पाहवत नाही. दुसरा म्हणाला की राज्यभरातले लोक येतील, तिथं गावाची शोभा कशाला करायची. नवीन पोरी घडवू, वेळ लागेल तर लागेल. मी एवढंच सांगत होतो की ह्या संघानं दरवर्षी स्पर्धा खेळली आहे आणि ह्या वर्षीही खेळणार. प्रमिलाचा संघ आहे, तिच्या नावानं उतरेल. माझा आवाज इतका चढला की पंख्याखाली झोपलेलं मांजर उठून गेलं.

शेवटी अण्णाजी म्हणाले, "ठीक आहे, जा. पण एक लिहून घे मनात. खालच्या दोघांत आलात तर महिला संघ बंद. ह्या बायकांचा खेळ तिथंच संपला. मैदान पोरींना."

"चालेल," मी म्हटलं.

विचार केला नाही. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हटलं. दारात कोणीतरी उभं होतं म्हणून वळून पाहिलं, तर बेबी. ड्यूटीवरून तशीच आली होती, पांढरी साडी. तिच्यामागे कमल आणि ज्योत्स्ना.

बेबी आत आली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "आम्हाले विचारलं नाई कोणी."

अण्णाजी म्हणाले, "तुमच्या बाजूनंच बोलतोय ना मनोहर."

"ते पमाच्या बाजूनं बोलून रायले. तुम्हीबी पमाच्याच बाजूनं बोलून रायले. मैदानात उतरून खेळाचं आम्हाले हाये." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आम्ही जातो. पण तिच्या नावानं नाई. काळी फीत नाई, फोटो नाई, काही नाई. आमच्या नावानं जातो."

माझ्या कानशिलाला आग लागली. आपल्याच संघातली बाई, प्रमिलानं जिला घरून बोलावून आणून खेळायला लावलं, नवरा नाही म्हणत होता तेव्हा त्याच्याशी भांडून आणलं, ती असं बोलते. मी तिथल्या तिथं काहीतरी घाण बोलणार होतो. बोललो नाही, कारण मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. संघ वर्ध्याला जाणार होता.

वर्ध्याला आम्ही एका शाळेत उतरलो होतो. वर्गातली बाकं सारून बायकांनी सतरंज्या टाकल्या. पहिल्या दिवशी पुण्याशी खेळलो आणि हरलो. दुसऱ्या दिवशी सोलापूरशी हरलो. दोन्ही वेळा चेंडू प्रमिलाच्या जागेवर जात राहिला. पुण्याच्या पोरींना ते समजेना. त्या आधी तिकडे धावायच्या, तिथं कोणी नाही बघून गोंधळायच्या. दुसऱ्या संघांचे कोच मला येऊन भेटत होते. भोयर वहिनी गेल्याचं कळलं, वाईट झालं, म्हणत होते. एक जण म्हणाला, "त्यांच्याशिवाय तुमचा संघ म्हणजे काहीच नाही हो." मी म्हटलं, "हो ना." त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

तिसरा सामना नाशिकशी होता. नाशिकही दोन हरलं होतं. जो हरेल तो खाली जाणार, एवढं सरळ होतं. आणि आम्ही हरलो की चुनाभट्टीवर महिला संघ नाही, कमल नाही, बेबी नाही, कोणीच नाही. अण्णाजी स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसले होते.

हाफ टाइमपर्यंत आम्ही चांगलेच मागे पडलो होतो. कमलनं दोन पास भिंतीला घातले, ज्योत्स्नाला तर दम लागून बोलताही येत नव्हतं. त्या सगळ्या माझ्याभोवती येऊन बसल्या, घामानं निथळत. मी बाटलीचं झाकण उघडून पाणी दिलं.

"भाऊ, काही सांगा ना बाप्पा," कमल म्हणाली.

"काय सांगू? चाललंय तसं चालू द्या."

"अशानं हारून जाऊ."

"मग हरा," मी म्हटलं.

कमलनं बेबीकडे पाहिलं. बेबी उठली. बाकीच्यांनाही उठवलं आणि त्यांना घेऊन भिंतीपाशी गेली. तिथं त्या काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. कमल हातवारे करून काही सांगत होती आणि बेबीच्या तोंडावरचा रंग बदलत होता. शिट्टी वाजली तेव्हा त्या माझ्याकडे न येता सरळ मैदानात गेल्या.

नंतर जे खेळल्या ते मी शिकवलेलं नव्हतं. रिंगखाली कोणी गेलंच नाही. पाचही जणी बाहेर पसरल्या, एकीकडून दुसरीकडे पळत राहिल्या, आणि चेंडू त्यांच्यात फिरत राहिला. नाशिकच्या पोरी उंच होत्या, रिंगखाली दाटी करून उभ्या होत्या, पण तिथं अडवायला कोणी नव्हतं. ज्योत्स्ना त्यांच्यामधून शेळीसारखी निसटून जायला लागली. कमल लांबून नेम धरायला लागली. कमलला मी कधी नेम धरताना पाहिलं नव्हतं. तिचे तीन चुकले आणि चौथा गेला, मग लगेच पाचवा. बघणारे लोक उठून उभे राहिले. मी बसलोच होतो. आतून मात्र पेटलो होतो. वाटत होतं मैदानात जाऊन चेंडू हिसकावून घ्यावा.

शेवटी एका गुणाचा फरक राहिला. आम्ही एकानं मागे, चेंडू कमलकडे, वेळ संपत आलेली. नाशिकच्या दोघी कमलवर धावून गेल्या. आणि मी उभा राहिलो. कसा राहिलो मला माहीत नाही. घसा फाडून ओरडलो:

"पमा, वर!"

माझा आवाज पूर्ण मैदानभर गेला. पहिल्या रांगेतल्या अण्णाजींनी मान खाली घातली. कमलचा हात त्या बाजूला निघाला होता, डावीकडे, रिंगखाली. तो अर्ध्यात थांबला. तिनं मान वळवून पाहिलं. मग चेंडू खाली टप्पा देऊन बेबीकडे सारला. बेबी डावीकडून वळली, एक पाऊल टाकलं आणि उडी मारून चेंडू सोडला. तो फळीवर लागला, रिंगवर नाचला आणि आत पडला.

शिट्टी वाजली. त्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. ज्योत्स्ना जमिनीवर लोळत होती. अण्णाजी टाळ्या वाजवत होते, मला हात करून बोलवत होते. मी तिथून निघालो.

मैदानाच्या मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीला नळ. मी नळ सोडून त्याखाली डोकं धरलं. किती वेळ धरलं कोण जाणे. कोणीतरी माझ्या बाजूनं हात घालून नळ बंद केला.

"पाणी वाया चाललं, भाऊ," बेबी म्हणाली.

मी डोकं वर केलं नाही. ती टाकीच्या कठड्यावर बसली. तिला अजून धाप लागली होती. आतून बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "तुम्हाले वाटत होतं ना, का आम्ही हारावं?"

माझ्याकडे उत्तर होतं. महिनाभर ते माझ्यापाशीच होतं. संघ वर्ध्याला नेण्यासाठी मी जिवाच्या आकांतानं भांडलो ते एवढ्याचसाठी, की सगळ्या राज्यानं बघावं, ती गेल्यावर काही उरलं नाही. खालच्या गटात गेलो असतो तर मी अण्णाजींच्या समोर मान वर करून उभा राहिलो असतो. हे मी त्या दिवसापर्यंत स्वतःशीही बोललो नव्हतो. तिच्याशीही बोललो नाही.

"मलेबी वाटत होतं," बेबी म्हणाली. "हाफ टाइमवरी."

मी तिच्याकडे पाहिलं.

"खरं सांगतो. ती नाई अन् आम्ही जिंकून आलो, हे कसं दिसते? मले तिचे डोळे मिटवा लागले होते, भाऊ. मी काहून जिंकू?"

"मग हाफ टाइमला काय झालं?"

"कमल बोलली. तिची सासू निघताना तिले म्हणे, हारून ये बाई, म्हणजे संध्याकाळच्या भाकरी तरी वेळेवर होतीन." बेबीनं पदर नव्हता म्हणून बाहीनं तोंड पुसलं. "मले असा राग आला. दिवसातून दोन घंटे हायेत आमच्यापाशी. तेबी पमानंच काढून देल्ले. ते मी तिच्या दुःखापायी देऊन टाकू का?"

मला पुन्हा चिडायचं होतं. शोधलं तर राग जागेवर होता, पण तिच्यावर काढता येईना. आत कोणीतरी बेबीचं नाव घेऊन हाका मारत होतं. ती उठली नाही. मीच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"शेवटी तू डावीकडून कशाला वळलीस? उजवीकडे मोकळं होतं. चुकला असता."

"उजव्या पायावर वळता येत नाई मले. गुडघा दुखते."

"कधीपासून?"

"झाले पाच-सहा वर्षं."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठं?" ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

मी ओल्या डोक्यानंच तिच्यासमोर उकिडवा बसलो. गुडघा चांगलाच सुजला होता, दोन्ही बाजूंनी.

"पाय सरळ कर," मी म्हटलं. "बघू दे."